विंचू उगवतो, शिकारी मावळतो

दगड लहानसाच होता. त्याच्याखाली विंचू दबा धरून बसला होता आणि त्याने नांगी मारली ती घोट्यावर. निकॅन्डर या ग्रीक कवीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात विषारी प्राण्यांवर 'थेरिआका' हे दीर्घकाव्य लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच ओरायनचा मृत्यू इतक्या बारकाईने सांगितला आहे. साप, विंचू, कोळी यांची विषं आणि त्यांवरचे उतारे हाच त्या काव्याचा विषय. त्यामुळे विंचू कुठे दडतो आणि कुठे चावतो हे निकॅन्डरला ठाऊक असणारच. बांधावरचा दगड हाताने उचलण्याआधी काठीने उलथून बघणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक असतं.

चावला कोणाला, हे लक्षात घेतलं की त्या दगडाचं लहानपण जास्तच जाणवतं. ओरायन हा ग्रीक पुराणांतला सर्वांत धिप्पाड आणि देखणा शिकारी. समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, आणि बापाच्या वरदानामुळे समुद्र पायी ओलांडणारा. हातात काशाची गदा. पृथ्वीच्या पाठीवर एकही जनावर शिल्लक ठेवणार नाही, असं तो बोलून गेला आणि त्या बोलण्याला उत्तर म्हणून विंचू आला. दोघेही आज आकाशात आहेत. ओरायनला आपण मृग नक्षत्र म्हणतो आणि विंचवाला वृश्चिक रास.

राशींच्या ग्रीक कथा आपल्याकडे बहुतेक वेळा दोन ओळींत उरकल्या जातात. अमुक देवाने अमुक प्राण्याला आकाशात नेऊन ठेवलं, झाली गोष्ट. वृश्चिकाच्या कथेवर हा अन्याय आहे. ही कथा कोणी सांगितली, कधी सांगितली आणि कुठे उभं राहून सांगितली, हे पाहू लागलं की तिच्यात एक अचूक निरीक्षण सापडतं. माझं म्हणणं असं, की या कथेतला विंचू जमिनीतून वर आलेला नाही. तो आकाशातून खाली उतरला.

सर्वांत जुना पुरावा होमरचा. 'इलियड'मध्ये अकिलीझच्या ढालीवर कृत्तिका, हायडीझ, सप्तर्षी आणि ओरायन कोरलेले आहेत. विंचू नाही. 'ओडिसी'त ओरायनच्या मृत्यूचा उल्लेख येतो, पण तिथेही विंचू नाही. आपल्या बेटावर ओडिसियसला ठेवून घेणारी कॅलिप्सो देवदूत हर्मीसकडे तक्रार करते, की देवींनी माणसांवर प्रेम केलेलं तुम्हा देवांना बघवत नाही. त्याचा दाखला म्हणून ती ओरायनचं नाव घेते. उषादेवी इऑसने त्याला जवळ केलं, तर शिकारीची देवी आर्टेमिस हिने ऑर्टिजियात बाण मारून त्याला संपवलं. पुढे त्याच महाकाव्यात ओरायन पाताळात भेटतो. जिवंतपणी मारलेल्या जनावरांच्याच छायांना तो अजून हाकत असतो. म्हणजे होमरच्या श्रोत्यांना ओरायन हा शिकारी, त्याचा मृत्यू आणि त्याचे तारे हे सगळं माहीत होतं. मारेकरी मात्र आर्टेमिस होती.

मग विंचू आला कुठून? तो ग्रीसच्या पूर्वेकडे, तैग्रिस आणि युफ्रेटीसच्या काठी, कितीतरी आधीपासून होता. 'मुल-आपिन' या बॅबिलोनी तारकासूचीच्या मातीच्या विटा इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनच्या मिळाल्या आहेत आणि मूळ संकलन त्याहून जुनं मानलं जातं. त्यात विंचू आहे. त्याच्या छातीतल्या लाल ताऱ्याचीही नोंद आहे. ओरायनच्या जागी मात्र तिथे शिकारी नसून अनू देवाचा सच्चा मेंढपाळ उभा आहे. लूव्र संग्रहालयात ठेवलेल्या बॅबिलोनी दानशिलांवर सूर्य, चंद्र, शुक्र यांच्या चिन्हांखाली विंचू कोरलेला दिसतो. तो इश्हारा देवीचं चिन्ह. गिल्गमेशच्या महाकाव्यात सूर्य ज्या डोंगरातून ये-जा करतो, त्याच्या दारावर विंचू-मानव पहारा देतात.

प्लिनी या रोमन लेखकाने एक नोंद करून ठेवली आहे. टेनेडॉस बेटावरच्या क्लिओस्ट्रॅटस नावाच्या माणसाने राशिचक्रातल्या राशी ग्रीकांना ओळखून दाखवल्या, मेष आणि धनू यांपासून सुरुवात करून. हा काळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या शेवटाचा. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळच्या या लहानशा बेटाला आज बोझजाआडा म्हणतात. बॅबिलोनचं आकाशज्ञान अशा वाटांनी, थोडं थोडं करून ग्रीकांकडे आलं. त्यात तयार विंचू होता. इकडे ग्रीकांकडे तयार शिकारी होता. दोघांना एका गोष्टीत बांधणं तेवढं उरलं होतं.

ती गोष्ट हेसिअड या ग्रीक कवीने सांगितली असं जुने लेखक म्हणतात. त्याचं मूळ लेखन हरवलं आहे. एरॅटोस्थेनीझच्या नावावरच्या तारकाकथासंग्रहात तिचा सारांश तेवढा मिळतो. क्रीट बेटावर ओरायन आर्टेमिस आणि तिची आई लेटो यांच्याबरोबर शिकार करत होता. पृथ्वीवरचं प्रत्येक जनावर मारून टाकीन, असं तो म्हणाला. पृथ्वीमाता गाया संतापली आणि तिने प्रचंड विंचू वर सोडला. नंतर देवींच्या विनंतीवरून देवराज झ्यूसने शिकाऱ्याला ताऱ्यांत जागा दिली, आणि झाल्या गोष्टीची आठवण म्हणून विंचवालाही.

याच कथेचं दुसरं रूप अराटसने सांगितलं. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस याच्या दरबारी त्याने 'फेनोमेना' हे आकाशवर्णनाचं काव्य रचलं. पुढची काही शतकं ते शाळेत पाठ्यपुस्तकासारखं वाचलं गेलं, आणि सिसेरोने तरुणपणी त्याचं लॅटिन भाषांतर केलं. अराटस गोष्ट सुरू करण्यापूर्वी आर्टेमिसची क्षमा मागतो, कारण जे सांगायचं आहे ते तिच्या अपमानाचं आहे. किऑस बेटावर ओरायनने तिच्या वस्त्राला हात घातला. तेव्हा देवीने बेटावरच्या टेकड्या दुभंगून विंचू बाहेर काढला.

अराटस ही गोष्ट जिथे सांगतो ती जागा महत्त्वाची आहे. त्याच्या काव्याच्या त्या भागात एक कोष्टकच आहे, पद्यात मांडलेलं. कोणती रास उगवताना कोणते तारे मावळतात, याची ती यादी. रात्री किती वेळ उरला हे खलाशाला कळावं, म्हणून ती उपयोगाची. वृश्चिकाची पाळी येते तेव्हा अराटस म्हणतो, की विंचू पूर्वेला वर येतो आणि ओरायन पश्चिमेला पळ काढतो. मग हे का, म्हणून गोष्ट येते. क्रम असा आहे, आधी निरीक्षण, मग कथा.

ग्रीसमधून पाहिलं तर हे आजही खरं आहे. अथेन्सच्या क्षितिजावर विंचवाचं डोकं वर येतं, तेव्हा ओरायनच्या पायातला राजन्य हा निळसर-पांढरा तारा नुकताच बुडालेला असतो. पायापासूनच तो जातो, जिथे डंख झाला तिथूनच. मग विंचवाच्या छातीतली लाल ज्येष्ठा उगवते आणि थोड्याच वेळात ओरायनच्या खांद्यावरची लाल आर्द्रा मावळते. विंचवाची शेपूट पुरती वर येते तोवर पश्चिमेला शिकाऱ्याचा मागमूस उरत नाही. वर्षातून कित्येक रात्री हे घडत असतं. ज्या माणसाने हे पाहिलं, त्याला मारेकरी शोधायला लांब जावं लागलं नसेल.

*

किऑसवरच्या ओरायनची कथा मात्र एवढ्यावर संपत नाही. तिच्यात ग्रीक कल्पनाशक्तीचं फार मोठं काम आहे. किऑसचा राजा इनोपिअन हा मद्यदेव डायोनायससचा मुलगा. त्याच्या मुलीसाठी, मेरोपीसाठी, ओरायनने बेटावरची सगळी श्वापदं मारली. राजा लग्नाला चालढकल करत राहिला. एका रात्री दारूच्या नशेत ओरायनने तिच्यावर बळजबरी केली. राजाने तो झोपेत असताना त्याचे डोळे काढले आणि त्याला समुद्रकिनाऱ्यावर टाकून दिलं. आंधळा ओरायन चाचपडत लेम्नॉस बेटावर हिफेस्टसच्या भट्टीपाशी पोचला. तिथल्या सेडेलिअन नावाच्या पोराला त्याने खांद्यावर घेतलं आणि सूर्य उगवतो त्या दिशेला ने असं सांगितलं. पूर्वेच्या टोकाशी सूर्याच्या किरणांनी त्याची दृष्टी परत आली.

फ्रेंच चित्रकार निकोला पूसँ याने १६५८ मध्ये हा प्रसंग रंगवला. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. झाडांएवढा उंच ओरायन धनुष्य घेऊन, एक हात पुढे करून पावलं टाकतो आहे. त्याच्या खांद्यांवर सेडेलिअन उभा आहे आणि खाली रस्त्यावरच्या माणसाला दिशा विचारतो आहे. ओरायनच्या डोळ्यांसमोर काळा ढग तरंगतो, आणि त्याच ढगावर टेकून आर्टेमिस त्याच्याकडे शांतपणे पाहते आहे. विंचू चित्रात कुठेही नाही. पण ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला कळतं, की हा माणूस दृष्टी मिळवायला निघाला आहे आणि ती मिळाल्यावर थोडेच दिवस जगणार आहे.

मृत्यूची आणखीही रूपं आहेत. इस्ट्रोस या ग्रीक लेखकाच्या म्हणण्याप्रमाणे आर्टेमिस ओरायनशी लग्न करणार होती. तिचा भाऊ अपोलो याला ते रुचलं नाही. समुद्रात दूरवर पोहणाऱ्या ओरायनचं डोकं ठिपक्यासारखं दिसत होतं. तो ठिपका टिपून दाखव, असं अपोलोने बहिणीला डिवचलं आणि तिने नेम चुकू दिला नाही. लाटांनी प्रेत किनाऱ्याला आणलं तेव्हा तिला कळलं. काही जुन्या लेखकांच्या मते वैद्यराज अस्क्लेपिअसने ओरायनला पुन्हा उठवायचा प्रयत्न केला, म्हणूनच झ्यूसने अस्क्लेपिअसवर वीज टाकली. आकाशात विंचवाच्या अगदी वर भुजंगधारी उभा आहे, त्याला ग्रीक लोक अस्क्लेपिअस मानत. त्याचा पाय विंचवाच्या पाठीवर आहे.

मला या सगळ्यांत रोमन कवी ओव्हिडने 'फास्टी'त दिलेलं रूप मोलाचं वाटतं. त्यातही ओरायन बढाई मारतो आणि पृथ्वी विंचू सोडते. पण विंचू धावतो तो लेटोवर, आर्टेमिसच्या आईवर. ओरायन तिच्यापुढे आडवा होतो आणि डंख स्वतः घेतो. लेटो त्याला ताऱ्यांत स्थान देते, केलेल्या उपकाराची फेड म्हणून. किऑसच्या कथेतला ओरायन शिक्षेलाच पात्र होता. ओव्हिडचा ओरायन आपल्या तोंडून गेलेल्या शब्दाचं मोल स्वतः मोजतो. आकाशात काहीच बदललेलं नाही, पण पश्चिमेला मावळणाऱ्या त्या आकृतीकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

*

या गोष्टीला शेतीचाही आधार आहे. हेसिअडच्या 'वर्क्स अँड डेज'मध्ये ओरायन पंचांगाचं काम करतो. तो पहाटे प्रथम दिसू लागला की मळणी करायची. तो आणि व्याध मध्यावर आले आणि पहाटे स्वाती दिसली की द्राक्षं तोडायची. कृत्तिकांबरोबर तो पहाटेच्या पश्चिमेला मावळू लागला की नांगरणीची आठवण ठेवायची, आणि गलबतं किनाऱ्यावर ओढून घ्यायची, कारण वादळं येतात. हा नोव्हेंबरचा सुमार. आता त्या दिवसांत सूर्य कुठे असे? विंचवात. म्हणजे पहाटे ओरायन पश्चिमेला कोसळत असताना पूर्वेला विंचू सूर्याबरोबर, सूर्याच्या उजेडात दडून उगवत असे. शिकारी पडताना दिसे, मारणारा दिसत नसे. निकॅन्डरच्या त्या दगडाखालच्या विंचवात या पहाटेची सावली असावी असं मला वाटतं.

आपल्याकडे हेच तारे वेगळं काम सांगतात. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृगात जातो आणि शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो. तेव्हा मृगाचे तारे सूर्याच्या झोतात हरवलेले असतात आणि रात्रभर आकाशात असतो तो विंचू, ढगांनी दिसू दिला तर.

मृगाची आपली गोष्टही मृत्यूचीच आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती मृगाचं रूप घेऊन स्वतःच्या मुलीमागे धावतो आणि देवांनी उभा केलेला रुद्रासारखा धनुर्धर त्याला बाण मारतो. तोच व्याध. तीन ताऱ्यांचा तो बाण आपण अजून एकमेकांना बोट करून दाखवतो. तिकडे ते तीन तारे शिकाऱ्याचा कमरपट्टा आहेत. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये 'ओरायन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो याच ताऱ्यांवर. वेदकाळ ठरवण्यासाठी त्यांनी मृगशीर्षाचा आधार घेतला आणि ओरायन व त्याचा पट्टा यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहून ग्रीक व वैदिक कथा शेजारी ठेवल्या. त्यांनी काढलेल्या काळाबद्दल पुढे मतभेद झाले. पण आकाशातल्या कथा हा पुरावा म्हणून वाचायचा असतो, ही दृष्टी त्या ग्रंथाने मराठी अभ्यासकांना दिली.

बारा राशी आपल्याकडे ग्रीक संपर्कातून आल्या, याची खूण वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त आहे. वृश्चिकासाठी तो कौर्प्य हेही नाव देतो, ते ग्रीक 'स्कॉर्पिऑस'चंच रूप. नक्षत्रं मात्र आपली आधीपासूनची. विंचवाचं डोकं म्हणजे अनुराधा, छाती ज्येष्ठा, शेपूट मूळ.

चीनमध्ये ना शिकारी, ना विंचू. तरी तिथल्या लोकांनी नेमकं हेच निरीक्षण केलं. 'झुओ झुआन' या प्राचीन ग्रंथात दोन भावांची कथा आहे. ते रोज एकमेकांवर शस्त्र उगारत, म्हणून सम्राटाने त्यांना देशाच्या दोन टोकांना पाठवलं. एकाच्या वाट्याला शांग, म्हणजे ज्येष्ठेकडचे तारे आले, दुसऱ्याच्या वाट्याला शेन, म्हणजे मृगाचे. जन्मात पुन्हा भेट न होणाऱ्या माणसांना चिनी भाषेत आजही शेन आणि शांग म्हणतात. चिनी कथेत वैर आहे, ताटातूट आहे, फक्त डंख नाही. हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी एकमेकांना न विचारता एकाच जोडीला वेगळं केलं, याचं कारण एकच, दोघांनीही वर पाहिलं होतं.

*

ग्रीकांचा विंचू आजच्यापेक्षा मोठा होता. आपण ज्याला तूळ म्हणतो ते तारे त्यांच्या दृष्टीने विंचवाचे पुढचे चिमटे. अराटस त्यांना चिमटेच म्हणतो. ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसिस'मध्ये सूर्याचा रथ हाकायला निघालेला फेथॉन दोन राशींची जागा अडवून बसलेला हा विषारी विंचू पाहतो. भीतीने त्याच्या हातातून लगाम सुटतात आणि जग पेटतं. नेपल्सच्या संग्रहालयात खांद्यावर आकाशगोल घेतलेला संगमरवरी ॲटलस आहे, त्याच्या गोलावरही विंचू कोरलेला आहे. रोमन काळात तुळा स्वतंत्र झाली, आणि व्हर्जिलने तर ती मोकळी जागा ऑगस्टसला देऊ केली. त्यासाठी विंचू आपले चिमटे आखडून घेतो असं त्याने लिहिलं. तुळेतल्या दोन ठळक ताऱ्यांची अरबी नावं मात्र आजही दक्षिणेचा चिमटा आणि उत्तरेचा चिमटा अशीच आहेत.

विंचवाच्या डोक्यात एक जुनं कोडंही आहे. इसवी सनापूर्वी १३४ मध्ये तिथे एक नवा तारा उगवल्याची नोंद चिनी दरबाराने केली. ग्रीक खगोलज्ञ हिपार्कसने नवा तारा पाहिला आणि म्हणून आकाशातल्या ताऱ्यांची मोजदाद सुरू केली, असं प्लिनी सांगतो. दोघांनी पाहिलेला तारा एकच असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. २००० साली त्याच डोक्यातला मधला तारा, अनुराधेतला डेल्टा, अचानक तेजस्वी होऊ लागला. ते प्रथम लक्षात आलं अर्जेंटिनातल्या एका हौशी निरीक्षकाच्या, साध्या डोळ्यांनी पाहताना.

आणि दोन्ही आकृत्यांच्या अंगात एकेक लाल तारा आहे, ज्येष्ठा आणि आर्द्रा. दोघेही तांबडे महाराक्षसी तारे, सूर्याहून शेकडो पट रुंद, आयुष्याच्या शेवटाला आलेले. २०१९च्या अखेरीस आर्द्रा इतकी मंद झाली, की ती फुटते की काय अशी चर्चा जगभर झाली. कारण निघालं ते तिनेच बाहेर टाकलेली धूळ. तरी एक दिवस दोन्ही तारे स्फोटाने संपणार आहेत. शिकारीही आणि विंचूही.

*

वृश्चिक राशीची माणसं डूख धरणारी, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ग्रीक कथेत विंचू डूख धरत नाही. तो पृथ्वीच्या सांगण्यावरून येतो आणि जनावरांचा संहार थांबवतो. १९३० मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ठरवलेल्या सीमांप्रमाणे तर सूर्य या तारकासमूहात २३ ते २९ नोव्हेंबर असा जेमतेम आठवडाभर असतो आणि लगेच भुजंगधारीत जातो. माणसाचा स्वभाव त्यावर ठरवणं आपण सोडून द्यावं आणि तारे बघावेत, असं मला मनापासून वाटतं.

बघायला आपली जागा ग्रीसपेक्षा चांगली आहे. अथेन्सहून ज्येष्ठा जास्तीत जास्त पंचवीस-सव्वीस अंश वर चढते, पुण्याहून पंचेचाळीस अंश. नांगीपर्यंत संपूर्ण विंचू आपल्याला स्पष्ट दिसतो, त्यांना तो क्षितिजाच्या धुरकटात शोधावा लागतो. शिवाय आपल्या अक्षांशावरून ही कथा थोडी मोडते, आणि तीच पाहण्यासारखी गोष्ट आहे. विंचू दक्षिणेकडचा असल्याने आपल्याकडे तो लवकर उगवतो. त्यामुळे काही वेळ शिकारी आणि विंचू दोघेही एकाच वेळी क्षितिजावर असतात, समोरासमोर.

ऑक्टोबरअखेरीस दिवाळी असेल, तर अंधार पडताच नैर्ऋत्येला पाहा. विंचू आठच्या सुमारास मावळेल, आणि दहाच्या सुमारास पूर्वेला मृग वर येईल. समोरासमोरची भेट पाहायची असेल तर एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबा. रात्री सव्वादहाच्या सुमारास दोन्ही क्षितिजं मोकळी दिसतील अशा माळावर जा. पश्चिमेला आर्द्रा दहाएक अंशांवर असेल, आग्नेयेला विंचवाचं डोकं तेवढंच वर आलेलं असेल, आणि लाल ज्येष्ठा नुकती क्षितिजावर येत असेल. घरातल्या मुलांना बरोबर न्या, आणि ही गोष्ट त्यांना तिथे उभं राहून सांगा.